एकाच घरात तिघांची किडनी गेली, म्हणजे आजार रक्तातच आहे का?

प्रश्न निफाड तालुक्यातल्या २७ वर्षांच्या एका द्राक्ष बागायतदाराचा आहे. वडील ५४ वर्षांचे, दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. थोरले चुलते सहा वर्षांपूर्वी किडनी निकामी होऊन गेले. धाकट्या चुलत्यांचं क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी कमी पडली की वाढतो) ३.२. तिन्ही घरं एकाच वस्तीवर, एकाच विहिरीवर. बाल्कन भागातल्या काही गावांत किडनीचा आजार पिढ्यानपिढ्या ठरावीक घरांतच होतो, असं त्यांच्या वाचनात आलं आणि ते धास्तावले. त्यांचं विचारणं असं: हा आजार आमच्या रक्तात आहे का? जनुक तपासणी करून घेऊ का? वडिलांना मी किडनी देऊ शकतो का? आणि बहिणीचं जमत आलेलं लग्न या शंकेवर अडलं आहे, त्या लोकांना काय सांगू?

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुम्ही जेवढं लिहिलं आहे तेवढ्यावरून हा आजार आनुवंशिक ठरत नाही. तीन सख्खे भाऊ आजारी पडले, एवढ्यावर रक्ताला दोष देता येत नाही. सख्ख्या भावांचं रक्त एक असतं तशी विहीरही एक असते, चूलही एक असते, एप्रिल छाटणीचं ऊनही एक असतं आणि कंबर धरली की मेडिकलमधून आणायची गोळीही बहुतेक वेळा एकच असते.

तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. ‘आईचंही क्रिएटिनिन मागच्या महिन्यात १.६ आलं, पण तिला बीपी आहे.’ मी ही ओळ तीनदा वाचली. ४९ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.६ म्हणजे किडनीचं काम चाळीस टक्क्यांच्या आसपास उरलं आहे. लॅबच्या कागदावर आकडा ‘थोडा वाढलेला’ दिसतो, म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही. आणि आई तुमच्या घराण्यातली नाही. ती येवल्याहून लग्न होऊन आली आहे.

माझ्या ओपीडीत एका घरातले दोन-तीन किडनीचे रुग्ण आले की मी सगळ्यात आधी दोघींची चौकशी करतो: त्या घरात बाहेरून आलेल्या सुनेची, आणि त्या घरातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकीची. सुनेकडे घराण्याचं रक्त नसतं, पण पाणी, पीठ, शेत, धूर, औषधं सगळं तेच असतं. लेकीकडे रक्त तेच असतं, पण विसाव्या-बाविसाव्या वर्षी तिचं पाणी आणि चूल बदलते. सून आजारी आणि लांब दिलेली लेक ठणठणीत, तर संशय घराच्या भिंतीआतल्या गोष्टींवर जातो. सून ठणठणीत आणि लेकीलाही तोच आजार, तर रक्ताकडे बघावं लागतं. यात चूक होऊ शकते. तुमच्या आईला बीपी आहे, आणि नुसत्या बीपीनेही किडनी एवढी खराब होऊ शकते. उलट खराब किडनीनेच बीपी वाढलं असण्याचीही शक्यता आहे. पण कुठल्याही महागड्या चाचणीआधी ही चौकशी फुकटात होते, आणि तिने माझी दिशा अनेकदा बदलली आहे.

इथे आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. आई आणि वडील लग्नाआधीचे नातेवाईक आहेत का? आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे. आई जर वडिलांच्या मामाची किंवा आत्याची मुलगी असेल, तर ‘सून म्हणजे परकं रक्त’ हा माझा सगळा हिशेब कोलमडतो. शिवाय दोन्हीकडून एकच सदोष जनुक आल्याशिवाय होत नाहीत असे काही किडनीचे आजार असतात, त्यांचा विचार तुम्हा भावंडांसाठी करावा लागतो. हे लपवण्यासारखं काही नाही, डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आता बाल्कनची गोष्ट. तुम्ही ती अर्धी वाचलीत आणि अर्ध्यावरच घाबरलात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९५०च्या दशकात बल्गेरियातल्या आणि तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की डॅन्यूब आणि तिच्या उपनद्यांच्या काठच्या काही शेतकरी गावांत चाळिशी-पन्नाशीनंतर माणसांच्या किडन्या हळूहळू आक्रसत जातात. आजचे बल्गेरिया, रोमानिया, सर्बिया, बोस्निया आणि क्रोएशिया हे ते देश. रुग्णाचं बीपी बराच काळ ठीक असायचं, अंगावर सूज नसायची, लघवीत प्रथिनं जेमतेम. रक्त मात्र लवकर कमी व्हायचं आणि तळहात तांबूस-पिवळे दिसायचे. अनेकांना पुढे मूत्रनलिकेच्या वरच्या भागाचा कॅन्सर व्हायचा, जो एरवी दुर्मीळ असतो. चमत्कारिक गोष्ट ही की एका गावात रोग, आणि काही किलोमीटरवरच्या गावात नावाला नाही. एकाच गावात या घरात तिघे आणि शेजारच्या घरात कुणीच नाही. बाप गेला, मग मुलगा गेला. बघणाऱ्याला रक्ताचाच रोग वाटणार. डॉक्टरांनाही वाटला. गुणसूत्रांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाले. जड धातू, बुरशीचं विष, कोळशाच्या थरातून झिरपणारं पाणी, विषाणू, असे सगळे संशयित तपासून झाले.

पण रक्ताच्या कल्पनेला दोन गोष्टी अडत होत्या, आणि त्या आपल्या सुनेच्या आणि लेकीच्याच आहेत. बाहेरून येऊन त्या घरांत राहिलेली माणसं, पंधरा-वीस वर्षं तिथलं खाल्लं-प्यायलं की, तशीच आजारी पडत. आणि त्याच घराण्यातली लहानपणीच गाव सोडून गेलेली माणसं वाचत. एखाद्या जनुकाने बापाकडून मुलाकडे ठराविक हिशेबाने उतरावं, तसा हा आजार कधीच उतरला नाही.

१९६९ मध्ये युगोस्लाव्हियातल्या इविच नावाच्या संशोधकाने एक तण दाखवलं. ॲरिस्टोलोकिया क्लेमाटायटिस. ते गव्हाच्या शेतात उगवायचं, कापणीच्या वेळी त्याच्या बिया गव्हात जायच्या, तोच गहू दळला जायचा आणि घरची भाकरी त्याच पिठाची व्हायची. ज्याच्या शेतात तण जास्त, त्याच्या घरी विष जास्त. घराघरातला फरक इथून येत होता. पण त्या काळी हे म्हणणं बहुतेकांनी बाजूला ठेवलं. मग १९९३ मध्ये ब्रुसेल्समधून बातमी आली: वजन कमी करायच्या गोळ्या घेतलेल्या तरुण बायकांच्या किडन्या झपाट्याने निकामी होत आहेत. त्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकियाची जात पडली होती. अशा बायकांची संख्या पुढे शंभरावर गेली. त्यांच्या किडनीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बाल्कनच्या रुग्णांसारखेच दिसत होते. शेवटी २००७ मध्ये क्रोएशियातल्या रुग्णांच्या किडनीत ॲरिस्टोलोकिक आम्ल डीएनएला चिकटलेलं सापडलं, आणि त्यांच्या कॅन्सरमध्ये टीपी-५३ या जनुकात त्या विषाची विशिष्ट खूण सापडली: जिथे ‘ए’ हे अक्षर असायला हवं तिथे ‘टी’. बोटाचा ठसा सापडावा, तशी ही खूण. पन्नास वर्षं घराण्याचा समजलेला रोग भाकरीतून येत होता.

मग जनुकांचा काहीच हात नाही का? आहे, आणि हाच तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. त्याच भाकरीवर वाढलेल्या सगळ्यांना आजार झाला नाही. त्याच गोळ्या घेतलेल्या सगळ्या बायकांच्याही किडन्या गेल्या नाहीत. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर समजेल. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर स्वतःच्या मुळावरची थॉमसन द्राक्षवेल पानाच्या कडा जाळून घेते आणि डॉगरिज मूळकांडावर कलम केलेली तीच थॉमसन बऱ्यापैकी तग धरते. मूळकांड वेगळं, म्हणून सोसण्याची ताकद वेगळी. पण पानं जाळली ती क्षारांनी. पाणी गोडं असेल तर दोन्ही ओळी सारख्याच हिरव्या दिसतात आणि कुठली वेल नाजूक आहे हे कधी कळतही नाही. माणसाच्या बाबतीत या ‘सोसण्याच्या ताकदीला’ आम्ही जनुकीय प्रवणता म्हणतो. आनुवंशिक आजार ही वेगळी गोष्ट. तिथे सदोष जनुकच रोग घडवतं, पाणी कितीही गोडं असो.

ॲरिस्टोलोकिक आम्लाचंच बघा. ते शरीरात शिरतं तेव्हा तितकंसं घातक नसतं. एनक्यूओ-१ सारखी विकरं (एन्झाइम) त्याचं असं रूप करतात जे डीएनएला चिकटतं. दुसऱ्या बाजूला सीवायपी गटातली काही विकरं ते निकामी करून बाहेर काढायला मदत करतात. पेटवणारे आणि विझवणारे, दोघेही आपल्याच पेशीत. कुणात पेटवणारे जोरात असतात, कुणात विझवणारे, आणि हा जोर काही अंशी जनुकांवरून ठरतो. त्या भागातल्या रुग्णांत अशी जनुकं शोधायचे पुष्कळ प्रयत्न झाले. एका अभ्यासात एक जनुक पुढे आलं, दुसऱ्यात दुसरंच. ‘हे एक तपासलं की कळेल’ असं एकही जनुक हाती लागलेलं नाही.

श्रीलंकेतही असंच. तिथल्या उत्तर-मध्य प्रांतात, अनुराधापुरा आणि पोलोन्नारुवा जिल्ह्यांत, १९९०च्या दशकापासून भातशेती करणाऱ्यांमध्ये मधुमेह नाही, बीपी नाही आणि तरी किडनी जाते, असे रुग्ण मोठ्या संख्येने दिसू लागले. २०१४ मध्ये तिथल्या एका अभ्यासात एसएलसी-१३-ए-३ या जनुकातला एक बदल रुग्णांत जास्त आढळला. तो असला की धोका साधारण दुप्पट. दुप्पट ऐकून घाबरायला होतं. पण हा बदल असलेली कितीतरी माणसं त्याच गावांत निरोगी आहेत, आणि तो नसलेलीही आजारी आहेत. आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम पट्टा, नारळ आणि काजूच्या बागांचा सुंदर मुलूख, तिथेही हाच आजार आहे आणि कारणावरचा वाद तिथेही मिटलेला नाही. आपल्या राज्यात अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातली गावं वर्षानुवर्षं हीच तक्रार करत आली आहेत.

जनुकीय प्रवणतेचं सगळ्यात ठाशीव उदाहरण आफ्रिकी वंशाच्या लोकांत आहे. २०१० मध्ये एपीओएल-१ जनुकातले दोन बदल समोर आले. झोपेच्या आजाराच्या परजीवीपासून ते माणसाला वाचवतात, म्हणून पश्चिम आफ्रिकेत ते पसरले. पण आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही आले की किडनीचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. आपल्या सुरगाणा-पेठ-कळवणच्या आदिवासी पट्ट्यातल्या सिकलसेलचा न्यायही तोच: एक जनुक असेल तर मलेरियापासून संरक्षण, दोन असतील तर आजार. (आणि सिकलसेलच्या रुग्णांची किडनीही पुढे बिघडते, हे त्या भागात काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.) अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे १३ टक्के लोकांत एपीओएल-१ चे दोन्ही धोक्याचे बदल असतात, आणि तरीही त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर किडनीचा त्रास होत नाही. एचआयव्हीसारखा दुसरा तडाखा बसला की मात्र किडनी कोसळू शकते. इतकं बलवान प्रवणतेचं जनुक जर एवढंच सांगू शकतं, तर तुमच्या बाबतीत एखाद्या चाचणीकडून किती अपेक्षा ठेवायची ते बघा.

आता दुसरी बाजू, कारण पाण्याला दोष देऊन मोकळं होणंही तितकंच धोक्याचं आहे. खरोखर रक्तातले असे आजार आहेत, आणि ते ‘आमच्या भागातलं पाणीच वाईट’ या समजाखाली लपून राहतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण आला. तालुका सांगत नाही, ओळख पटेल. वय ३१, क्रिएटिनिन २.४, लघवीची तपासणी जवळजवळ स्वच्छ, सोनोग्राफीत किडन्या किंचित लहान. वडील आणि आजोबा दोघेही किडनीने गेलेले. सगळ्यांनी विहिरीवर खापर फोडलं होतं. वीस हजारांचं आरओ मशीनही बसवलं होतं. मी सहज विचारलं, पायाचा अंगठा कधी सुजला होता का? म्हणाला, तेविसाव्या वर्षी, एवढा दुखायचा की चादर लागली तरी सहन व्हायची नाही. तेविसाव्या वर्षी गाऊट (युरिक ॲसिड साठून सांधा सुजण्याचा आजार) सहसा होत नसतो. नगरला दिलेल्या त्याच्या आत्यालाही तसाच गाऊट होता, आणि तिचं क्रिएटिनिन कुणी कधी तपासलंच नव्हतं. ते आम्ही तपासलं, तेही वाढलेलं. पुढे यूएमओडी नावाच्या जनुकातला दोष सापडला. इथे लेकीने सगळं उलगडलं: घर बदललं, पाणी बदललं, आजार मात्र तिच्यासोबत सासरी गेला.

या प्रकारच्या आजारात आई किंवा बापाकडून एकच सदोष जनुक आलं तरी पुरतं, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. लघवीत प्रथिनं नाहीत, रक्त नाही, सोनोग्राफीत गाठी नाहीत. म्हणजे वरवर बघता अगदी बाल्कनसारखा किंवा श्रीलंकेसारखा दिसतो. याच कुळातलं एमयूसी-१ हे जनुक तर २०१३ पर्यंत कुणाच्या हाती लागत नव्हतं, कारण दोष अशा जागी असतो जिथे तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि नेहमीची जनुक तपासणी तिथे चकते. त्यामुळे ‘पॅनेल (अनेक जनुकांची एकदम तपासणी) निगेटिव्ह आलं’ म्हणून अशा कुटुंबाला निर्धास्त करता येत नाही.

त्यामानाने पॉलिसिस्टिक किडनी ओळखायला सोपी. किडन्या मोठ्या आणि पाण्याच्या गाठींनी भरलेल्या, साधी सोनोग्राफी पुरते. वडिलांची डायलिसिस सुरू होण्याआधीची सोनोग्राफी शोधा. त्यात किडनीचं माप लिहिलेलं असतं. दहा-अकरा सेंटीमीटर हे नेहमीचं. पंधरा असेल तर गोष्ट वेगळी, साडेसात असेल तर वेगळी. घरात कुणाला लहान वयात कमी ऐकू येऊ लागलं का, कुणाच्या लघवीत रक्त यायचं का, हेही विचारा. अल्पोर्ट नावाच्या आजाराची ती खूण आहे.

आणि ज्याला रक्त म्हणावं की परिस्थिती, हे ठरवणं अवघड, असंही एक कारण आहे. किडनीतल्या गाळण्या बाळ पोटात असतानाच तयार होतात. एका किडनीत सरासरी नऊ-दहा लाख. जन्मानंतर एकही नवी होत नाही. आई उपाशी, अशक्त असेल आणि बाळ दीड-दोन किलोचं जन्मलं, तर ते कमी गाळण्या घेऊन येतं आणि पुढे ऊन, गोळ्या, साखर यांपैकी काहीही त्याला लवकर भोवतं. दुष्काळी वर्षांत जन्मलेल्या भावंडांचा एकसारखा आजार मी या नजरेनेही बघतो.

आता तुमच्या वस्तीकडे येऊ. नाशिक जिल्ह्याला मी बाल्कन किंवा उद्दानमच्या पंगतीत बसवणार नाही. देशभरातल्या बावन्न हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत, ज्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, मधुमेह हे पहिलं कारण होतं, ३१ टक्के. आणि दुसऱ्या क्रमांकावर ‘कारण कळलं नाही’, १६ टक्के. म्हणून तुमच्या वडिलांना आणि चुलत्यांना साखर होती का, किती वर्षं होती, हे तुम्ही लिहिलेलंच नाही ते आधी सांगा. तीन भावांना मधुमेह आणि मधुमेहातूनच किडनी, हे आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं चित्र आहे.

ते नसेल तर मी तीन गोष्टी खोदून विचारेन. पहिली, दुखण्याच्या गोळ्या. खरड छाटणीच्या दिवसांत, एप्रिलच्या उन्हात, अंगातलं पाणी आटलेलं असताना डायक्लोफिनॅक किंवा तत्सम गोळी म्हणजे किडनीचा रक्तपुरवठा दोन्हीकडून दाबणं. एखादी गोळी नव्हे. वर्षानुवर्षं, हंगामभर, रोजची. मी नाशिकमध्ये जेवढ्या तरुण शेतकऱ्यांच्या किडन्या खराब झालेल्या पाहिल्या, त्यात हा प्रश्न विचारल्यावर ‘हो’ असं उत्तर फार वेळा आलं आहे.

दुसरी गोष्ट ऊन. २००२ मध्ये एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी लिहिलं की त्यांच्याकडच्या डायलिसिसच्या रुग्णांत मधुमेह-बीपी नसलेले शेतमजूर फार आहेत; पुढे मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनारपट्टीवर ऊसतोड मजुरांत हेच दिसलं. निकारागुआत तोडीच्या वेळी पाणी, सावली आणि ठरावीक विश्रांती सक्तीची केली, तेव्हा हंगामातली किडनीची इजा कमी झाली. मजूर त्याच भागातले, जनुकंही त्याच लोकांची. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे बीड-नगरहून कोयत्यावर येणारे आणि पेठ-सुरगाण्याहून बागेच्या कामाला येणारे मजूर यांची कुणी हंगामाआधी आणि हंगामानंतर क्रिएटिनिन तपासणी करत नाही. बागायतदार म्हणून तुमच्या बागेत भर दुपारची विश्रांती आणि पिण्याचं पाणी हाताशी असणं तुम्ही स्वतः सुरू करू शकता.

तिसरी, जडीबुटी. ॲरिस्टोलोकिया फक्त युरोपात नाही. आपल्याकडे ईश्वरी किंवा सापसन म्हणतात ती वेल आणि किडामार ही त्याच कुळातली. साप-विंचवावर, तापावर, बाळंतिणीला ती देतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था ॲरिस्टोलोकिक आम्लाला माणसात खात्रीने कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरते. वडील आणि चुलते गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं एकाच वैदूकडचं चूर्ण घेत होते का? घेत असतील तर पुडी टाकू नका, घेऊन या. फवारणीच्या औषधांचा संशय श्रीलंकेत फार घेतला गेला आणि तो अजून सिद्ध झालेला नाही. पण मास्क, हातमोजे न घालता ब्लोअरवर बसणं इतर दहा कारणांनी वाईटच आहे. पाणी जड आहे म्हणून किडनी गेली, हेही सिद्ध नाही. नुसत्या टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या) आकड्यावरून विहिरीला दोषी धरू नका.

आता जनुक तपासणी. माझं मत: आज लगेच नको, आणि तुमची तर मुळीच नको. आधी तपासायचा तो आजारी माणूस, म्हणजे वडील किंवा धाकटे चुलते. त्यांच्यात दोष सापडला तर तो नेमका दोष तुमच्यात आहे का हे स्वस्तात बघता येतं. उलट निरोगी माणसाची भलीमोठी तपासणी केली की रिपोर्टमध्ये ‘अर्थ निश्चित नसलेला बदल’ असं काहीतरी बहुधा येतंच. जनुकांच्या नोंदींचे मोठे साठे बहुतांशी युरोपीय लोकांचे आहेत, त्यामुळे आपल्या लोकांत तर असे बदल जास्तच निघतात. या एका ओळीने झोप उडालेली माणसं माझ्यासमोर बसलेली आहेत. ‘प्रवणता सांगतो’ म्हणणारी किट्स घेऊ नका. वडिलांची तपासणी मी केव्हा करायला सांगेन? मधुमेह नसेल, लांब दिलेल्या आत्यांपैकी कुणाचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, तरुणपणी गाऊट, ऐकू न येणं, गाठी यांपैकी काही असेल, किंवा तुमची किडनी देण्याचं खरोखर ठरलं तर.

किडनी देण्याबद्दल. कायद्याने मुलगा हा जवळचा नातेवाईक, त्यामुळे परवानगीची अडचण नाही. अडचण वयाची आणि न कळलेल्या कारणाची आहे. आजार आनुवंशिक असेल तर २७व्या वर्षी तो तुमच्यात दिसणारच असं नाही. पॉलिसिस्टिकमध्ये तर चाळिशीच्या आत सोनोग्राफी स्वच्छ आली तरी तेवढ्यावर दाता पास करत नाहीत, एमआरआय किंवा जनुक तपासणी लागते. आणि आजार पाण्या-पिठाचा, उन्हा-गोळ्यांचा असेल, तर तुम्हीही २७ वर्षं त्याच घरात आहात. ही दुसरी बाजू लोक विसरतात. ‘रक्तात नाही’ असं ठरलं म्हणजे तुमची किडनी आपोआप सुरक्षित ठरत नाही. तुमच्यापुढे अजून पन्नास वर्षं आहेत, ती एका किडनीवर काढायची आहेत. म्हणून कारण लागल्याशिवाय मी तुम्हाला दाता म्हणून पुढे करणार नाही. तोवर वडिलांचं नाव झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटणाऱ्या विभागीय केंद्राच्या) प्रतीक्षायादीत घाला, आणि आठवड्यातून दोनऐवजी तीन डायलिसिस होतील का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं.

बहिणीच्या लग्नाबद्दल मला वाईट वाटलं. त्या लोकांना काही लपवू नका आणि काही कबूलही करू नका. सांगा की वडिलांच्या आजाराचं कारण शोधणं चालू आहे, आणि मुलीची तपासणी झाली आहे. ती खरोखर करून घ्या: बीपी, क्रिएटिनिन, साखर, लघवीची नेहमीची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, पोटाची सोनोग्राफी. नाशिकमध्ये कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये एका सकाळी होतं. लघवीची पट्टी प्रथिनांपैकी मुख्यतः अल्ब्युमिन धरते; किडनीतल्या बारीक नलिकांच्या या आजारांत जी लहान प्रथिनं जातात ती तिला दिसत नाहीत. म्हणून ‘लघवी नॉर्मल’ एवढ्यावर थांबू नका, क्रिएटिनिन हवंच, आणि रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं का हेही विचारा. सगळं ठीक आलं तर तो कागद त्यांच्या हातात द्या आणि त्यांना वाटलं तर त्यांना घेऊन माझ्याकडे या. मी बसून समजावेन. मुलीच्या किडनीबद्दल विचारणारं घर मुलाची साखर तपासून बघत नाही, हेही मी त्यांना सांगेन.

याच तपासण्या तुमच्या, आईच्या, धाकट्या काकूंच्या आणि तुमच्या भावंडांच्या. आईला तर या आठवड्यातच आणा, वाट बघत बसू नका. तिची किडनी अजून राखण्यासारखी आहे. बीपीचं औषध नीट बसवणं, दुखण्याच्या गोळ्या बंद करणं, साखर बघणं, एवढ्यानेही पुष्कळ वर्षं मिळतात.

येताना वडिलांची आणि गेलेल्या काकांची जुनी फाइल आणा, काळी पडलेली सोनोग्राफीची फिल्म असली तरी चालेल. आणि तुमच्या दोन्ही आत्यांना फोन करा. तुम्ही लिहिलंय की एक सिन्नरला आहे आणि एक लग्नापासून, पस्तीस वर्षं, कल्याणला. त्या कल्याणच्या आत्यांचं क्रिएटिनिन मला हवं आहे.